निगेटिव्हमधले आरमार

मुंबई बंदरात १० ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी भारतीय नौदलाच्या ताफ्याची पाहणी केली. प्रजासत्ताक झालेल्या देशाच्या राष्ट्रपतींनी आपल्या जहाजांची मानवंदना स्वीकारण्याचा हा पहिला प्रसंग. नौदलाचे प्रमुखपद तेव्हा अजून एका ब्रिटिश अधिकाऱ्याकडे, व्हाइस ॲडमिरल मार्क पिझी यांच्याकडे होते. पहिले भारतीय प्रमुख रामदास कटारी यांनी १९५८ च्या एप्रिलमध्ये सूत्रे हाती घेतली. ताफ्यातली मोठी जहाजेही ब्रिटिश आरमाराकडून आलेली. पण त्या दिवशीची रांग आपली होती, आणि ती कॅमेऱ्यासाठीही तितकीच उभी होती जितकी राष्ट्रपतींसाठी. अशा प्रसंगांच्या जुन्या निगेटिव्हवरून आज नव्याने काढल्या जाणाऱ्या कलात्मक प्रती, म्हणजे ज्यांना बाजारात ‘फाइन आर्ट प्रिंट’ म्हणतात, हा या लेखनाचा विषय आहे.

समुद्रावरचे संचलन जमिनीवरच्या संचलनाच्या उलट चालते. दिल्लीच्या कर्तव्यपथावर राष्ट्रपती एका जागी उभे असतात आणि पथके समोरून जातात. बंदरात जहाजे नांगर टाकून रांगांनी उभी राहतात आणि राष्ट्रपतींची नौका त्यांच्यामधून फिरते. नाळेपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत आणि तिथून पिछाडीपर्यंत संकेतध्वजांच्या माळा चढवलेल्या असतात. कठड्याला लागून, ठरावीक अंतरावर, पांढऱ्या गणवेशातले खलाशी. नौका समोर आली की टोप्या हातात येतात आणि तीनदा ‘राष्ट्रपतीजी की जय’ होते. २१ फेब्रुवारी २०२२ रोजी विशाखापट्टणमला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी ‘आयएनएस सुमित्रा’वरून साठाहून अधिक जहाजांची आणि पाणबुड्यांची पाहणी केली, तेव्हाही क्रम हाच होता.

या परंपरेचे देशी मूळ सांगताना नौदल कान्होजी आंग्र्यांचे नाव घेते. अठराव्या शतकात रत्नागिरीच्या किल्ल्याजवळ ‘सरखेल’ म्हणजे आरमारप्रमुख असलेल्या आंग्र्यांनी गुराबा आणि गलबते एकत्र आणली होती, आणि हिंदुस्थानातली ती पहिली ज्ञात आरमारी पाहणी असावी, असे नौदल मानते. तिचे छायाचित्र असण्याचा प्रश्नच नव्हता. कॅमेरा यायला अजून शतकभर अवकाश होता.

आणि कॅमेरा आला तेव्हा त्याला असा उभा ताफाच हवा होता. ८ नोव्हेंबर १८७५ रोजी ‘सेरापिस’ या जहाजातून प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईला आले, त्या काळात छायाचित्रकार काचेवर कोलोडियन ओतून, ती काच ओली असतानाच चित्र घेत. काचेवर प्रकाश काही सेकंद पडू द्यावा लागे. तेवढ्या वेळात चालते जहाज पुसट होऊन जाई. नांगरलेले जहाजसुद्धा लाटेवर डोलले तर डोलकाठ्यांची टोके विरघळल्यासारखी उमटत. म्हणून तिवई किनाऱ्यावर रोवायची, होडीत नाही. पुढे जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा आल्या, शटर सेकंदाच्या अंशात उघडमिट करू लागले आणि छायाचित्रकार पाण्यावर उतरला. इंग्लंडमधल्या काउझ बंदरातला फ्रँक बेकन शर्यतीच्या शिडाच्या नौका टिपायचा. हेलकावणाऱ्या होडीत दोन्ही हातांनी कॅमेरा धरावा लागे, म्हणून शटरची रबरी फुगी त्याने दातांत धरण्याची सोय केली होती. फुगी चावली की चित्र निघे.

अशा चित्रांचे खरे मोल कशात आहे, हे मुंबईतल्या एका दिवसावरून कळते. २ डिसेंबर १९११ रोजी राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी ‘मेदिना’ या जहाजातून अपोलो बंदरावर उतरले. तिथून पुढे ते दिल्लीला गेले आणि १२ डिसेंबरच्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली. ‘मेदिना’सोबत चार क्रूझर आल्या होत्या: ‘आर्गाइल’, ‘कॉक्रेन’, ‘डिफेन्स’ आणि ‘नेटाल’. साम्राज्याच्या समुद्रावरील सत्तेचे ते प्रदर्शन होते, आणि पाहणाऱ्याला ते अढळ वाटावे अशीच त्याची मांडणी होती. आता पुढची सात वर्षे पाहा. ‘आर्गाइल’ ऑक्टोबर १९१५ मध्ये स्कॉटलंडजवळच्या बेल रॉकवर आपटून फुटली. त्याच वर्षी ३० डिसेंबरला ‘नेटाल’ क्रोमार्टीच्या खाडीत नांगरलेली असताना आतल्या स्फोटाने बुडाली. ‘डिफेन्स’ ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत गेली. खुद्द ‘मेदिना’ला एप्रिल १९१७ मध्ये जर्मन पाणबुडीने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बुडवले. उरलेली ‘कॉक्रेन’ नोव्हेंबर १९१८ मध्ये, युद्धबंदीच्याच आठवड्यात, मर्सी नदीच्या मुखाशी रुतली आणि तिथेच मोडली. पाचपैकी एकही राहिली नाही. या मिरवणुकीतली जहाजे जवळून पाहायची तर आता त्या वेळच्या काचा आणि कागद एवढाच मार्ग आहे.

१९११ च्या दरबाराची बरीच जुनी छायाचित्रे दिल्लीतल्या अल्काझी संग्रहात आहेत. तिन्ही दिल्ली दरबारांच्या छायाचित्रांवर या संग्रहातर्फे ‘पॉवर अँड रेझिस्टन्स’ हा जाडजूड इंग्रजी ग्रंथ निघाला आहे. संग्रह उभा करणारे इब्राहिम अल्काझी मूळचे पुण्याचे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक म्हणून मराठी रंगकर्मींना ते जितके ठाऊक आहेत, तितके छायाचित्रांचे संग्राहक म्हणून नाहीत. हे दुसरे काम पहिल्याइतकेच मोठे आहे, असे म्हणायला हरकत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात येते. संचलने मुंबईच्या पाण्यात झाली, पण त्यांच्या निगेटिव्हचा शोध घेणाऱ्याला गाडी पकडावी लागते ती दिल्लीची. कारण साधे आहे. राष्ट्रपती आणि पंतप्रधान जिथे जात तिथे सरकारी छायाचित्रकार सोबत जात, आणि काम झाले की फिल्म त्यांच्याबरोबर राजधानीत परते. आधी प्रकाशन विभागाचा भाग असलेला आणि १९५९ पासून स्वतंत्रपणे काम करू लागलेला छायाचित्र विभाग लोधी रोडच्या सूचना भवनात होता. त्याच्या साठ्यातून ठरावीक शुल्क भरून सामान्य माणसालाही प्रत मागवता येई. खासगी वृत्तछायाचित्रकारांचे दप्तरही दिल्लीतच. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला १९४२ साली दिल्लीला गेल्या आणि १९७० पर्यंत तिथे छायाचित्रण करत राहिल्या. त्यांचा संग्रह आज अल्काझी फाउंडेशनकडे आहे, आणि २०१० साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या त्यांच्या प्रदर्शनामुळे एका आख्ख्या पिढीला नेहरूकाळ नव्याने दिसला. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह आहेत. म्हणजे मूळ काच हाताशी ठेवून नवी प्रत काढण्याचा अनुभव या शहराला आहे.

पण जुन्या निगेटिव्हचे नशीब किती कच्च्या धाग्यावर लोंबकळते हे समजून घ्यायचे तर गुरुग्रामला जावे. तिथे २०१९ साली ‘म्युझिओ कॅमेरा’ हे कॅमेऱ्यांचे संग्रहालय उघडले. त्याचे संस्थापक छायाचित्रकार आदित्य आर्य यांच्याकडे वृत्तछायाचित्रकार कुलवंत रॉय यांचा वारसा आला. रॉय यांचा जन्म १९१४ चा. लाहोरच्या स्टुडिओत ते हे काम शिकले, हवाई दलात असताना त्यांनी आकाशातून छायाचित्रे घेतली आणि मग दिल्लीत मोरी गेटला आपली वृत्तछायाचित्र संस्था थाटली. स्वातंत्र्याच्या वाटाघाटींपासून भाक्रा धरणापर्यंत किती तरी गोष्टी त्यांच्या फिल्मवर आहेत. १९५८ साली ते जगाच्या सफरीवर निघाले. तीन वर्षे देशोदेशी हिंडले, काढलेल्या निगेटिव्ह टपालाने दिल्लीला पाठवत राहिले. परत येऊन पाहतात तो पाकिटे गायब. शहरातल्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यांपर्यंत जाऊन त्यांनी शोध घेतला, पण हाती काही लागले नाही. १९८४ साली ते गेले आणि मागे राहिलेले खोके घरोब्यातल्या आर्य यांच्याकडे आले. दोन दशकांहून अधिक काळ ते बंदच होते. उघडले तेव्हा आत एका देशाच्या घडणीची दृश्ये होती, आणि त्यातूनच २०१० साली ‘हिस्टरी इन द मेकिंग’ हे पुस्तक उभे राहिले. हरवलेली पाकिटे आणि सापडलेले खोके एकाच माणसाच्या आयुष्यातले आहेत. दोन्हींमध्ये फरक पडला तो फक्त कोणीतरी जपून ठेवले म्हणून.

जपणे म्हणजे काय, याचा विचार जरा रसायनाच्या अंगाने करायला हवा. जुन्या निगेटिव्ह तीन तऱ्हेच्या. काच फुटते, पण नीट ठेवली तर शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही तिच्यावरची चांदी तशीच राहते. नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही, आणि जुनी झाली की तिची भुकटी होते. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी चित्रपट संस्थेच्या आवारातल्या गोदामाला आग लागून मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या नायट्रेट प्रती भस्मसात झाल्या. ती आठवण मराठी माणसाला वेगळी करून द्यायला नको. तिसरी ॲसिटेट, जिला ‘सेफ्टी फिल्म’ म्हणत. ती पेटत नाही, पण उष्णतेत आणि दमटपणात तिच्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास सुटू लागतो, ती आखडते आणि वरच्या जिलेटिनला सुरकुत्या पडतात. एकदा हे सुरू झाले की सुटलेल्या आम्लानेच ते वाढत जाते. अशा डब्यात रंग बदलणारी कागदी पट्टी ठेवतात. ती निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर सावध, पिवळी पडली तर ताबडतोब स्कॅन करून मूळ फिल्म थंड जागी हलवायची. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या नौदल पाहण्यांचा काळ नेमका या ॲसिटेटचा आहे. दिल्लीचा उन्हाळा आणि मुंबईचा पावसाळा, दोन्ही तिचे वैरी.

समजा अशी एक निगेटिव्ह प्रकाशपेटीवर ठेवली. आभाळ काळे, समुद्र करडा, आणि खलाशांच्या पांढऱ्या गणवेशाच्या जागी काळ्या ठिपक्यांची ओळ. पाकिटावर ‘मुंबई, फ्लीट रिव्ह्यू’ एवढेच लिहिलेले. वर्ष नाही. तर मग भिंग घेऊन जहाजालाच विचारायचे. मोठी क्रूझर दिसते आहे, तिला धुराडे एक की दोन? एकच धुराडे, पुढे दोन-दोन नळ्यांचे दोन तोफमनोरे आणि मागे एकच, तर ती ‘आयएनएस दिल्ली’. मुळात तिला मागेही दोन मनोरे होते. ती भारताची होण्यापूर्वी, जानेवारी १९४३ मध्ये, ग्वादलकनालजवळ जपानी बॉम्ब पडून त्यातला एक निकामी झाला आणि नंतरच्या दुरुस्तीत काढून टाकला गेला. ती रिकामी जागा छायाचित्रात अगदी स्पष्ट दिसते. याउलट दोन धुराडी आणि तीन-तीन नळ्यांचे मनोरे असतील तर ती ‘आयएनएस म्हैसूर’; ती २९ ऑगस्ट १९५७ रोजी आपल्या नौदलात आली. म्हणजे भारतीय निशाण लावलेली दोन धुराड्यांची क्रूझर दिसत असेल आणि पाकिटावर १९५३ लिहिले असेल, तर पाकीट चुकले आहे. विमानवाहू जहाज असेल तर साल १९६१ च्या आधीचे असूच शकत नाही, कारण ‘विक्रांत’ मुंबईला आली ती त्या वर्षीच्या नोव्हेंबरात. मग पिछाडीचे निशाण पाहायचे. कोपऱ्यात युनियन जॅक असेल तर २६ जानेवारी १९५० पूर्वीचे. तिरंगा आणि सोबत लाल क्रॉस असेल तर त्यानंतरचे, २००१ पर्यंतचे. तो क्रॉस २००४ मध्ये अशोकचिन्हासह पुन्हा आला आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कायमचा गेला. आता त्या जागी शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आहे.

‘दिल्ली’च्या बाबतीत हे बारकावे ओळखणे अधिकच समाधानाचे आहे, कारण या जहाजाला दोन आयुष्ये मिळाली. ‘अकिलीस’ नावाने तिने १३ डिसेंबर १९३९ रोजी ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेशी प्लेट नदीच्या मुखाशी झुंज घेतली. ५ जुलै १९४८ रोजी ती भारताची झाली. १९५० मध्ये नेहरू तिच्यावरूनच इंडोनेशियाला गेले. १९५६ साली त्या जुन्या लढाईवर इंग्रजी चित्रपट आला तेव्हा ‘अकिलीस’ची भूमिका करायला ‘आयएनएस दिल्ली’ स्वतःच हजर होती. १९६१ मध्ये गोवा, दीव, दमण मुक्त झाले त्या कारवाईत ती दीवच्या किनाऱ्याजवळ उभी होती. १९७८ साली ती सेवेतून निवृत्त झाली आणि भंगारात गेली. ‘विक्रांत’ही २०१४ पासून मुंबईतल्या दारूखान्यात तुकड्या-तुकड्यांनी मोडली गेली.

आता प्रत काढण्याचे काम. चार इंच बाय पाच इंचांची निगेटिव्ह दर इंचाला २,४०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केली तर ९,६०० बाय १२,००० बिंदू मिळतात, म्हणजे साडेअकरा कोटींच्या वर. दर इंचाला ३०० बिंदूंनी छापली तर ती प्रत ३२ बाय ४० इंचांची होते. ‘दिल्ली’ साधारण १६९ मीटर लांब होती. ती निगेटिव्हच्या रुंदीत जेमतेम मावली असेल तर कठड्यावरचा खलाशी मूळ फिल्मवर साधारण सव्वा मिलिमीटर उंचीचा असतो. मोठ्या प्रतीत तो सुमारे दहा मिलिमीटरचा होतो, आणि एवढ्यात टोपी हातात आहे की डोक्यावर, हे कळू लागते. वर्तमानपत्रात छापून आले तेव्हा ते कोणालाच दिसले नव्हते. त्या वेळच्या जाळीदार ब्लॉकमध्ये आख्खी रांग एका पांढरट रेघेत जमा झाली होती. म्हणून ही नवी प्रत जुन्याची नुसती पुनरावृत्ती ठरत नाही. छायाचित्रकाराने टिपलेले बरेच काही पहिल्यांदा याच कागदावर बाहेर येते.

आणि नेमके इथेच सगळ्यात जास्त बिघडते. निगेटिव्हवर बसलेली धूळ प्रकाश अडवते, म्हणून प्रतीत ती पांढऱ्या ठिपक्याच्या रूपात दिसते. दूरच्या जहाजावरचा पांढऱ्या गणवेशातला खलाशीही पांढरा ठिपकाच. समुद्रपक्षीही. रंगीत फिल्मसाठी स्कॅनरमध्ये अवरक्त किरणांनी धूळ ओळखण्याची सोय असते, पण कृष्णधवल फिल्मवरची चांदीच ते किरण अडवते, त्यामुळे ती सोय इथे निरुपयोगी. मग संगणकाला ठिपके पुसायला सांगितले की तो निमूटपणे कठड्यावरची माणसे पुसून टाकतो. जाणकार कारागीर प्रत्येक ठिपका मोठा करून पाहतो. धुळीच्या कणाची कड धारदार असते आणि त्यात फिल्मचे कण दिसत नाहीत; माणूस असेल तर आजूबाजूचे चंदेरी कण त्याच्या अंगावरूनही गेलेले दिसतात. एका रांगेसाठी दिवस जातो. तो दिवस द्यायची तयारी नसेल त्याने या कामाला हात लावू नये.

दुसरी बिघाडाची जागा आभाळाची. जुन्या प्लेटांना निळा रंग जास्त आणि लाल जवळजवळ अजिबात जाणवत नसे, म्हणून १९११ सारख्या चित्रांत आभाळ कोरे पांढरे आणि लाल ध्वज काळेभोर येतात. आजच्या विक्रेत्याला त्या कोऱ्या आभाळात ढग भरण्याचा मोह होतो. बंदरातल्या ओंडक्यासारख्या काळपट कोळी होड्या, कोळशाचे तराफे, चौकटीत अर्धवट शिरलेला टगबोटीचा धूर, हेही ‘स्वच्छ’ करण्याची टूम आहे. असे करू नये. संचलनाची आखणी करणाऱ्यांना जे दाखवायचे होते ते रांगेत आहेच. पण कॅमेऱ्याने त्याच्या भोवतालचे जे निर्हेतुकपणे टिपले त्याला साक्षीचे वजन जास्त. कोळी होडीतून ताफा बघायला आलेले कुटुंब कोणत्याच सरकारी अहवालात सापडणार नाही.

कागदाबद्दल थोडक्यात. एक वाट डार्करूमची: एन्लार्जर, धाग्यांचा जाड ब्रोमाइड कागद, हायपो, मग तासभर वाहत्या पाण्यात धुणे. दुसरी वाट सुती कागदावर पिगमेंट शाईने छापण्याची. दोन्ही चांगल्या. हडसन नदीवरच्या १८९८ आणि १८९९ सालच्या नाविक मिरवणुकांच्या काचेच्या निगेटिव्ह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जगाला मोकळ्या करून दिल्या आहेत. त्यांच्यावरून आज काढलेल्या प्रती बहुधा दुसऱ्या वाटेच्या असतात. प्रश्न वाटेचा नसून कबुलीचा आहे. छायाचित्रकाराने त्याच काळात काढलेली प्रत ती ‘विंटेज’. आज काढलेली ती आधुनिक प्रत, मग निगेटिव्ह कितीही जुनी असो. प्रतीच्या मागे निगेटिव्हचे साल, प्रतीचे साल, कागद, शाई आणि काय काय दुरुस्त केले ते लिहिलेले असावे. आणि छायाचित्रकाराचे नाव. भारतीय कायद्यात सरकारी छायाचित्राचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे १९५३ च्या पाहणीची त्या वेळी छापून आलेली सरकारी चित्रे कोणीही वापरू शकतो. हक्क संपला म्हणून श्रेय संपत नाही. सरकारी छायाचित्रकारांच्या बाबतीत नावाच्या जागी वर्षानुवर्षे फक्त खात्याचे नाव छापले गेले. नोंदवह्या चाळून ती नावे पुन्हा चित्रांखाली आणणे हे प्रत काढण्याइतकेच निकडीचे काम आहे.

या विषयाची एक बाजू कुठल्याही शोभिवंत प्रतीत येत नाही, तीही सांगायला हवी. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या ‘तलवार’ या नाविक तळावर खलाशांनी संप पुकारला आणि तो बघता बघता ७८ जहाजांवर पसरला. जहाजांवरची ब्रिटिश निशाणे उतरली आणि काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट पक्षाचे झेंडे चढले. मुंबईच्या बंदरात ध्वज लावून उभी असलेली ही जहाजांची रांगही एका अर्थाने संचलनच होती. तिची मानवंदना घ्यायला मात्र कोणी आले नाही. सात वर्षांनी त्याच पाण्यात राष्ट्रपतींसाठी ताफा उभा राहिला. १९५३ ची प्रत भिंतीवर लावणाऱ्याला १९४६ ठाऊक असेल तर कठड्यावरची माणसे वेगळी दिसतात.

ती माणसे कुठली होती? ब्रिटिश काळापासून नौदलाची खलाशी भरती मोठ्या प्रमाणावर कोकणातून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातून होई. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ साली मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी सुरू केली ती समुद्राचा आपला इतिहास आपणच लिहावा या तळमळीने. त्यांच्या कामाचा पुढचा टप्पा या निगेटिव्हमध्ये पडून आहे. जहाज ओळखता येते, निशाणावरून साल काढता येते, पण चेहरा ओळखायला त्याच्या घरचे माणूस लागते. १९५३ साली वीस वर्षांचा असलेला खलाशी आज नव्वदी ओलांडून गेला आहे. म्हणून मोठ्या आकाराच्या प्रतींचा पहिला संच दिल्लीच्या कलादालनात लागण्याआधी रत्नागिरी, दापोली, गुहागर, देवगड, मालवण इथल्या शाळांच्या आणि ग्रामपंचायतींच्या सभागृहांत लागला पाहिजे. प्रत्येक प्रतीशेजारी कठड्यावरच्या रांगेचा रेखाटलेला आराखडा असावा, त्यावर डावीकडून क्रमांक घातलेले असावेत आणि खाली नावासाठी रिकाम्या ओळी. पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवावी. भरलेले आराखडे मग दिल्लीला, मूळ निगेटिव्हच्या पाकिटात जावेत.